पत्रिकेत पेनानं लिहिलेलं नाव

छत्रपती संभाजीनगर

प्रिय नंदू,

विश्वजीतच्या लग्नाची पत्रिका सोबत ठेवली आहे. फोनच करणार होते, पण फोनवर मला रडू येतं आणि मग तूच मला समजावत बसतेस. आई मी आहे की तू, तेच कळत नाही.

पत्रिका छान झालीय, गणपती जरा जास्तच सोनेरी आलाय एवढंच. पाचोडच्या भावकीतलं एकही नाव सुटू नये म्हणून तुझ्या तात्यांनी छापखान्यात खेपा घातल्या. बांधावरून ज्या चुलत्यांशी बोलणं बंद होतं, तेसुद्धा ‘आपले विनीत’मध्ये झळकलेत. तुझं नाव मात्र नाही. तू जातीबाहेर, राजकुमारशी लग्न केलंस तेव्हापासून या घरात ते कुणी मोठ्यानं घेतही नाही. विश्वजीतनं एकदा विषय काढून पाहिला, मग बिचारा मान खाली घालून जेवत राहिला.

तुझ्या नावाचं मी मनाला समजावलं होतं गं. पण शेवटी लेकरांचं निमंत्रण असतं ना, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’, तिथं भावकीतली सगळी चिल्लीपिल्ली आहेत. पाळण्यातलं बाळसुद्धा आहे. आपली प्रेरणा तेवढी नाही. विश्वजीतला मामा म्हणणारी ती एकटीच, आणि तीच नाही. माझा जीव तुटला. पेन घेतलं आणि दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, ‘माझ्या मामाच्या लग्नाला या. प्रेरणा.’ दुसरी पत्रिका पुढं ओढली, तर तुझे तात्या मागं उभे. ओरडले नाहीत. बाकीचा गठ्ठा उचलला आणि म्हणाले, “ती मांडवात आली तर मी उठून जाईन. मग लावा लगीन माझ्याबिगर.”

ते बोलतात तसं करतात, तुला ठाऊक आहे. विश्वजीतच्या अक्षता पडताना मला ते नकोय.

लेकीचं नाव बघून तुला वाटेल, घरानं बोलावलं. लगेच तिला नवा फ्रॉक घालून बसमध्ये बसशील, म्हणून हे पत्र. तसं लिहिलेली ही एकच पत्रिका आहे, आणि ते घरानं नाही, मी एकटीनं लिहिलंय. पत्रिका प्रेरणाजवळ राहू दे. तू मात्र लग्नाला येऊ नकोस, बाळा.

तुझीच,
आई