न वाजणारा ब्रश

४ जानेवारी
दात घासायला यंत्र! उद्या घास चावायलाही निघेल एखादं. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही दात घासत नाही, तासता. हिरड्या पार मागे सरकल्यात." लेकीने लगेच बॅटरीवरचा ब्रश धाडला. एकतीस वर्षं बसडेपोत इंजिनं उघडतोय मी — आणि म्हणे मला ब्रश धरता येत नाही!

५ जानेवारी
आधी चालू केला, मग तोंडात घातला. आरसाभर फेस. आधी तोंडात, मग चालू — ही अक्कल पुस्तिकेच्या नवव्या पानावर.

७ जानेवारी
पुस्तिका म्हणते, दर अर्ध्या मिनिटाला बारीक आवाज होईल, मग पुढचा कोपरा घ्या. मी आपला वाट बघत उभा. कसला आवाज नि कसलं काय! एकच कोपरा घासत बसलो, हिरडी सोलवटली. स्वयंपाकघरातून ही म्हणते, "अहो, वाजला की!" लेकीने दिलेली वस्तू. आई बाजू घेणारच.

८ जानेवारी
डेपोत आज एक चालक आला. "मिस्त्री, माझ्या गाडीच्या इंजिनात शीळ वाजतेय." कान लावला. काही नाही. म्हटलं, "शीळ तुझ्या डोक्यात वाजतेय." सगळे हसले. वहीत 'ठीक' लिहून सही ठोकली. हल्ली काम टाळायला यांना काहीही पुरतं.

१० जानेवारी
ब्रश आजही मुका. ठोंब्या!

१२ जानेवारी
दुकानात नेऊन गल्ल्यावर आपटला. "सदोष माल विकता!" तिथल्या मुलीने चालू करून धरला. थोड्या वेळाने म्हणाली, "वाजला ना, काका."
"कुठे?"
मागे रांगेत एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "दोनदा वाजला."
आता सगळे ब्रशकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

ब्रश उचलला आणि तडक डेपो गाठला. त्या चालकाची गाडी रस्त्यावर गेलेली — पन्नास माणसं घेऊन! फाटकाशी उभा राहिलो. पाऊण तास. आली तशी आत घेतली. पट्टा काढून पंखा हाताने हलवला. बेअरिंग खिळखिळं! दोन दिवसांत भर रस्त्यात अडकलं असतं. सगळ्यांसमोर चालकाला म्हटलं, "तुझंच खरं होतं. मला ऐकू आलं नाही." कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

साहेबांना सांगितलं, "कान दाखवून येईपर्यंत मला तपासणीला ठेवू नका."

१५ जानेवारी
कानाच्या डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत बरी, पुढे सरळ खड्ड्यात. बारीक आवाज गेले ते गेले. "हळूहळू जातात, म्हणून माणसाला कळत नाही." कानात यंत्र बसवायचं म्हणे. दातांना एक, कानाला एक — डोक्यालाही देऊन टाका!

१६ जानेवारी
हिला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. म्हणाली, "मला दोन वर्षं झाली कळून. तुम्हाला लागेल म्हणून बोलले नाही. तेव्हापासून मोठ्याने बोलते मी तुमच्याशी."

दोन वर्षं मी तिला तोंडाळ म्हणत होतो. चारचौघांत.