आईच्या हाताला येईल असा रॅक

चिमणे,

भांड्यांचा रॅक परवा बसला, पण फार खाली. ओट्याशी जपून, डोकं आपटेल. फिटरने विचारलं, "काका, किती उंचीवर?" मी सवयीने तुझ्या आईचा हात पोचायचा तिथे बोट ठेवलं. तो भोकं पाडून गेल्यावर आठवलं, तिला जाऊन आठ महिने झाले. रॅक वर घ्यायला त्यालाच परत आणायला चाललोय.

एक विचारायचं राहिलं. तिचं दुधाचं पातेलं मी दोनदा रॅकच्या दाराकडच्या हुकाला अडकवलं. दोन्ही वेळा सकाळी ते खिडकीकडच्या हुकाला होतं, ती ठेवायची त्या बाजूला. तू हलवलं असशील तर काही हरकत नाही. नसशील तर लगेच फोन कर, मी फिटरला नको म्हणून सांगतो. आपण दोघं वाकून वावरू.

बाबा