दहा आसनं

जियानकांग नगर,
कार्तिक, कृष्ण पंचमी

प्रिय पदुमाताई,

सादर वंदन. अनुराधपुरातल्या विहाराच्या तळ्यात आता कमळं दाटली असतील. इथे थंडीनं बोटं वळत नाहीत, अक्षर सांभाळून घे. आम्ही इथली भाषा शिकलो. मी प्रवचनंही देते. परवा रेशीम विणणाऱ्या बायका माग बंद ठेवून आल्या होत्या. एक म्हणाली, "बाई, तुमचे उच्चार ऐकून हसू येतं, पण घरी गेल्यावर झोप येत नाही." याहून मोठं कौतुक मला नको.

काम मात्र अडलं आहे. या देशात भिक्षुणीसंघ नव्हताच, म्हणून इथल्या बायकांना दीक्षा एकट्या भिक्षूंनी दिलेली. त्यांच्या म्होरक्या सेंगयुन ऐंशीच्या घरातल्या. जन्मभर त्यांनी विधवांना अक्षर शिकवलं, दुष्काळात पेज वाटली, गावोगाव धर्म नेला. आणि दरबारातले पंडित विचारतात, "ह्या खऱ्या भिक्षुणी कशावरून?" ताई, माझं रक्त उसळतं! धर्म काय राजाच्या पालखीतून इथवर आला? तो बायकांच्या भेगाळलेल्या पायांनी आला. त्या पायांना विचारा खरं-खोटं!

दीक्षा द्यायला दहा भिक्षुणी लागतात, हे तुला सांगायला नको. बंदरावरून तू परत फिरलीस आणि आईसह आम्ही नऊ जणी जहाजात चढलो.

नियमांचे जाणकार एक भिक्षू म्हणाले, "सीमेपलीकडच्या मुलखात पाच जणी चालतात. उरका की!" मी तयार होते. सेंगयुनना धाप लागते, हिवाळा निघेल की नाही कोण जाणे. पण त्यांनीच काठी आपटली.

"सीमेपलीकडचा? अहो, आमच्या लोकांना वाटतं जगाची बेंबी इथेच आहे! सवलतीची दीक्षा घेतली तर उद्या माझ्या पोरींना पुन्हा कुणी अर्ध्या म्हणेल. दहा येऊ देत. मी थांबते."

"आणि थांबता आलं नाही तर?" मी विचारलं.

"तर मी अर्धीच जाईन. त्या तरी पुऱ्या होतील."

तेव्हापासून त्या रोज सकाळी दहा आसनं मांडायला लावतात. दीक्षेच्या ज्येष्ठतेनं आम्ही बसतो. आई सर्वांत वर. माझ्या लगेच वरचं तुझं, रिकामं. त्याकडे बघून आई म्हणायची, "पदुमाचा राग समुद्राएवढा, पण ओहोटी येते त्याला."

गेल्या महिन्यात सगळ्या एकेक जागा वर सरकल्या. मलाही तुझ्या आसनावर सरकायला सांगितलं. मी सरकले नाही.

बंदरावर तू ओरडली होतीस, "म्हातारीला परमुलखात मारायला नेतेयस!" आज सांगते, तिला मी आणलं नाही, तिनं मला आणलं. ताप चढलेला असतानाही ती उशाशी बसलेल्या विणकरणीला त्रिशरण शिकवत होती. शेवटी माझा हात धरून एवढंच म्हणाली, "आता दोघींना बोलाव."

ताई, आम्ही आठच उरलो. एक नव्हे, दोघी हव्यात. तांडेल गुणदत्त हे पत्र घेऊन येतोय. वारा फिरला की त्याचं जहाज इकडे निघेल. आपल्या ज्येष्ठ शिष्येला घेऊन ये. रागावलेली आलीस तरी चालेल, दीक्षेच्या नियमांत रागाला मनाई नाही. इथे आल्यावर मला हवं तेवढं बोल.

काल सेंगयुननी विचारलं, "तुझी बहीण येतेय ना गं?" मी म्हटलं, "निघालीय."

भिक्षुणीनं खोटं बोलू नये. ते खरं करणं आता तुझ्या हाती.

तुझ्या आसनाखालच्या आसनावर बसलेली,
नागमित्ता