आंबा आणि सीताफळ एका ताटात

मास्तर, येत्या रविवारी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात तुमची तसबीर लावणार आहेत आणि जुनी विद्यार्थिनी म्हणून बोलायला मला बोलावलंय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली. मी हो म्हटलं ते आदरापोटी नाही, हे आधी तुम्हालाच सांगते.

नवं मध्य प्रदेश राज्य झालं, त्या वर्षाची गोष्ट. राजधानीतल्या प्रदर्शनाला बऱ्हाणपूरच्या आपल्या शाळेतून एकच चित्र जायचं होतं आणि ते तुम्ही निवडणार होता. "तुझं निवडलं तर इंदूरला चित्रकला शिकायला धाडीन," असं माझे वडील म्हणाले होते. मी जेठात आंबे आणि मोगरा रंगवला, ताटात जागा कोरी सोडली, कागद गुंडाळून ठेवला. दसऱ्याला बाजारात सीताफळं आणि झेंडू आले तेव्हा उरलेलं ताट भरलं. जवळच्या निंबोला गावची केळी घरात बारा महिने असायची, म्हणून ती मुद्दाम घेतली नाहीत.

तुम्ही कागद वर्गापुढे उंच धरता. "पोरी, आंबा अन् सीताफळ एका ताटात? कोणत्या बाजारातून आणलं, आम्हालाही सांग की!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडतं, "सर, इसके घर बारा महिने दिवाली!" सगळे हसतात, तुम्हीही. मग भिंतीवरच्या हॉलंडच्या त्या जुन्या चित्राच्या छापील प्रतीकडे बोट करता. फुलदाणी, द्राक्षं, अर्धं सोललेलं लिंबू, पाकळीवर माशी. "बघ, समोर होतं तेवढंच काढलंय त्यानं. खोटं नाही." माझं चित्र गेलं नाही. इंदूरचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. आईनं तो कागद लोणच्याच्या बरण्यांखाली अंथरला.

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात वाचलं. हॉलंडचे ते जुने चित्रकार एकेक फूल त्याच्या मोसमात काढून ठेवत आणि नंतर एका फुलदाणीत जुळवत. तुमच्या भिंतीवरची ती फुलं एका दिवशी कुठल्याच घरात फुललेली नव्हती. तोवर तुम्ही गेला होतात.

रविवारी मी हे सगळं सांगणार आहे. तुमच्या मुलांसमोर, आणि तेव्हा हसले त्यांच्यासमोर. त्यातले दोघे आता शाळेच्या समितीवर आहेत. ती छापील प्रत भिंतीवर अजून आहे. तिच्यातल्या एकेका फुलावर बोट ठेवून विचारीन, कोणत्या बाजारातून आणलं? हा न्याय की सूड, असं आठवडाभर स्वतःला विचारते आहे. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. पण त्या दिवशी मलाही देता आलं नव्हतं. सूडच आहे, आणि तो मला हवा आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. तुम्ही मोसम पाहिला, वर्गानं गंमत पाहिली, चित्र कोणी पाहिलंच नाही. ते चांगलं होतं का, मला अजून माहीत नाही. आणि ते सांगू शकेल असं माणूस बऱ्हाणपुरात तुमच्याशिवाय दुसरं नव्हतं.