हिर्टराइटर घराण्याच्या फळ्या

२५ ऑक्टोबर
बाबांचं गाव अखेर सापडलं. बव्हेरियाच्या जंगलातलं हे गाव त्यांनी मरेपर्यंत लपवलं. हिर्टराइटर कुठले, एवढं विचारलं तरी ते ताटावरून उठायचे. माझ्या पत्राला क्रेसेन्झ आत्याने लगेच बोलावणं धाडलं. थांब्यावरच म्हणाली, "वेरेना ना? नाक आमचंच. अंगकाठी मात्र शहरातली, फुंकर मारली तर उडशील." बटाट्याचं गरम सूप, ऊबदार खोली. हॅम्बुर्गला लोरेन्झदादाला कळवलं, आपली माणसं भेटली.

२७ ऑक्टोबर
इथे मेलेल्याला ज्या फळीवर निजवतात, तिच्यावरच नाव रंगवून ती वाटेकडेला उभी करतात. सुतारकाम करणाऱ्या इग्नाझने, माझ्या आतेभावाने, आमच्या घराण्याच्या फळ्या दाखवल्या. थेट खापरपणजोबांपर्यंत पोचले. काही नावांखाली जन्मगाव वेगळंच: व्हिएन्ना, कोलोन, मिलवॉकी. ही मूळ शोधत आलेली माणसं, इग्नाझ म्हणाला. मग इथेच राहिली का, मी विचारलं. "ही काय, समोरच आहेत," तो म्हणाला.

२९ ऑक्टोबर
पावलं गार पडली आहेत. शेगडीला टेकवली, कातडी भाजली, तरी कळलं नाही. ते पाहून आत्या तोंड फिरवून रडली. खोदून विचारल्यावर बोलली. परगावी जन्मलेला हिर्टराइटर इथे आला की गारठा पायांतून वर चढतो. का, ते कुणालाच ठाऊक नाही. बाबा म्हणूनच गप्प राहिले. मग मला बोलावलंस कशाला, मी विचारलं. "भावाची लेक गं तू. एकदा बघावंसं वाटलं."

३० ऑक्टोबर
बसने निघाले. पुढच्याच गावात गुडघे गेले. लोकांनी उचलून परत आत्याकडेच आणलं. डॉक्टरांना दोष सापडत नाही. अंगणात इग्नाझ रंधा मारतोय. दुसऱ्या कुणाचं काम आहे म्हणाला, पण माझ्याकडे बघेना—

१ नोव्हेंबर
कंबरेपर्यंत. लोरेन्झदादाची तार आली. येतोय. धाकट्या लेकीला, रोसिनाला घेऊन, आजोबांचं घर दाखवायला— आत्याला विनवलं, उलट तार कर, येऊ नका म्हणून. हो म्हणाली.

२ नोव्हेंबर
तार केलीस का? आत्याला खालून ओरडून विचारलं. वरच्या खोलीत गाद्या झटकतेय. गुणगुणतेय. इग्नाझला हाका मारल्या, तो थांब्यावर गेलाय, पाहुण्यांना आणायला—

छाती गार. बोटं अजून—

दादा, पोरीला बसमधून उतरू