खाजगी रेंज

३ फेब्रुवारी
आजपासून सूड. निता म्हणाली, आधी स्वतःची प्रगती कर, मंग माझ्याशी बोल. तेही पाण्याच्या टाकीपाशी, बायांसमोर. बाया हसल्या. मी कॉलेज सोडलं ते सरांनी भर वर्गात अपमान केला म्हणून. प्रगती थांबली म्हणून न्हाई. हे तिला सांगायचं राहिलं.

४ फेब्रुवारी
खबर पक्की. निताला नांदेडचं स्थळ आलंय. उत्तमसिंग नाव, गाड्यांच्या शोरूमला आहे. दोघं रोज संध्याकाळी फोनवर बोलून राहिलेत. आता तांड्यात रेंज कुठंच न्हाई. येते ती फक्त आमच्या बांधावर, लिंबाखाली. म्हणजे माझ्याच बांधावरून माझा घात! डोकं फिरलं. जेवलो न्हाई. नंतर थोडं जेवलो.

५ फेब्रुवारी, सकाळ
प्लॅन तयार. प्रगती म्हणजे काय? पणजा बैलांवर धान्य लादून मुलूखभर हिंडला. बाच्या वाट्याला जमीन आली. माझ्या वाट्याला रेंज आली. माणूस ज्याचा मालक, ती त्याची प्रगती. बोराटीच्या फांद्या तोडल्या, लिंबाभोवती कुंपण घातलं. पाटी लावली : खाजगी रेंज. हात रक्तबंबाळ. सूड म्हटल्यावर रक्त आलंच.

संध्याकाळ
निता आली. पाटी वाचली. माझ्याकडं बघितलं आणि परत गेली. घाबरली.

७ फेब्रुवारी
तांडा पेटला. वसरामकाका आले. म्हणाले, पोरा, लेकीचा फोन येतो रे माझ्या. मी म्हणालो, नियम सगळ्यांना बराबर. याडीला मामाशी बोलायचं होतं, सख्खी आई, पण तिलाही न्हाई म्हणालो. ती म्हणाली, रेंज काय तुझ्या बापानं पेरलीय? बा शेजारीच बसला होता. त्यानं मान हलवली, न्हाई म्हणून. घरातूनच सपोर्ट न्हाई.

९ फेब्रुवारी
कुरुंद्याला सोहेलच्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात गेलो. एकच जिगरी दोस्त. सगळं सांगितलं. तो म्हणाला, अबे, मंग तू स्वतः फोन कसा करतो? तेव्हा लक्षात आलं, आत जायला फट ठेवायची राहिली. म्हणालो, मला गरज न्हाई. तो म्हणाला, बराबर आहे, तुला करतं कोण. सोहेल दिलाचा चांगला आहे, पण व्हिजन न्हाई.

१२ फेब्रुवारी
सूड लागू पडला. निताचा चेहरा उतरलाय. टाकीवर कुणाशी बोलली न्हाई. नांदेडवाल्याला वाटत असंल, पोरगी फोन उचलंना, म्हणजे नकार. दोन दिवसांत मोडतं. मोडलं की आठवडाभर तिच्याकडं ढुंकून बघणार न्हाई. मंग माफ करीन. माफीचं भाषण लिहून काढलं. जरा लांबलंय.
डोळे सुजल्यासारखे वाटले तिचे. मला बरं वाटायला पाहिजे होतं. काहून वाटंना, कळत न्हाई. बहुतेक ॲसिडिटी.

१५ फेब्रुवारी, सकाळ
तांड्यात बुलेट आली. उत्तमसिंग! फोन लागंना म्हणून पोरगं काळजीनं थेट नांदेडहून निघून आलं. एकटं. शोरूमला सुट्टी टाकून. निताचा बाप, देविदासकाका, दारोदार सांगून राहिले, जावई असावा तर असा, फोन न्हाई लागला तर लोक विसरून जातात, हा गाडी काढून आला. निता दारातून हसली. तशी हसताना मी तिला कधी बघितलं न्हाई.
शांत डोक्यानं पुढचा प्लॅन करावा लागंल.

दुपार
देविदासकाका घरी आले. म्हणाले, पाहुण्याला त्याच्या बाशी बोलायचंय, काटे काढ. मी म्हणालो, जागा खाजगी आहे. ते म्हणाले, व्हय बाबा, तुझीच रेंज, म्हणून तर मालकाला विचारून राहिलो. मालक म्हणाले, म्हणून गेलो. एकेक फांदी मीच काढली. वाकून शिरायला लागंल म्हणून उत्तमसिंगला वाटही मोकळी करून दिली. त्यानं लिंबाखाली उभं राहून बापाला सांगितलं, पोरगी पसंत, तारीख धरा. आवाज एकदम क्लिअर. तिकडून बाप विचारायला लागला, कोण रडून राहिलं रे तिथं? उत्तमसिंग म्हणाला, कोणी न्हाई, शेतमालक आहेत, पायात काटा गेलाय त्यांच्या.

काटा होताच. याडी सुई घेऊन बसली, दोन्ही तळवे मांडीवर घेऊन लई येळ बघत राहिली. तिला सापडला न्हाई. बारीक असंल.