दोनशे अकरांपैकी नऊ

३ फेब्रुवारी

यादी आली. दोनशे अकरांपैकी नऊ!

सकाळी डॉक्टर मॅडम रेकॉर्डच्या खोलीत आल्या आणि कागद माझ्या टेबलावर ठेवला. स्नायू, चरबी अशा मऊ भागांतला कॅन्सर, तोही पसरलेला — असे दोनशे अकरा जण या हॉस्पिटलात येऊन गेले. दहा वर्षांनंतरही जिवंत आहेत ते नऊ. "हे नऊ का जगले, ते बघायचंय," मॅडम म्हणाल्या. "फायली तू काढ. मुलाखती सिस्टर घेतील. फॉर्म तू टाइप कर."

सहावं नाव आईचं.

वाचलं आणि पुढच्या नावावर गेले. ते मला लहानपणापासून जमतं.

४ फेब्रुवारी

नऊ फायली टेबलावर. दोनशे दोन जमिनीवर, भिंतीला लावून — दुसरीकडे जागा नाही. जाता-येता पाय लागतो. लागला की "माफ करा" निघून जातं तोंडातून. सिस्टर हसल्या. "अगं, कागद आहेत ते!"

माहीत आहे. तरी निघतं.

५ फेब्रुवारी

आईच्या फायलीत हॉस्पिटलच्या त्या पत्राची प्रत आहे. हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. लावला.

मी दहा वर्षांची होते. मांडीतली गाठ काढून आईला घरी आणलं होतं. घरात अक्षर ओळखणारी मी एकटीच. विजेचं बिल, औषधाची बाटली, बाबांच्या ड्यूटीची चिठ्ठी, सगळं माझ्याकडे यायचं. काय तोरा होता माझा! धाडधाड वाचायचे, श्वाससुद्धा न घेता.

पत्र आलं तेव्हा आई शिलाई मशीनवर होती, दुखरा पाय स्टुलावर लांब करून. बाबा दाराशी. मी उभी राहिले, शाळेत उभं राहतात तशी.

"आजार दोन्ही फुप्फुसांत पसरला आहे. पुढील उपचारांचा फारसा उपयोग होईल असे वाटत नाही. घरच्यांनी मनाची तयारी ठेवावी. रुग्णाची इच्छा असल्यास औषध चालू करता येईल. त्यासाठी सोमवारी यावे."

पाच वाक्यं. मी पहिलं मनात वाचलं. मग आईकडे बघितलं. आई म्हणाली, "हं, पुढे वाच."

मी शेवटची दोन वाचली. तीही नीट नाही. "औषध चालू करायचंय. सोमवारी यावे."

"बघ, सोमवारी," आई बाबांना म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

कठीण शब्द होते म्हणून गाळले असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. आज पुन्हा बघितलं. एकही शब्द कठीण नाही.

६ फेब्रुवारी

एकदा खोटं बोलून भागत नाही. त्याला रोज पाणी घालावं लागतं.

चौदा वर्षं प्रत्येक तपासणीला मीच आत जाते आईबरोबर. तपासून झालं की आई बाहेर बाकावर जाऊन बसते; डॉक्टर माझ्याशी बोलतात, मी आईशी. छातीच्या फोटोत डाग दिसायचे. "काय म्हणाले गं?" — "जुना कफ आहे." पुढच्या वर्षी डाग लहान. "कफ कमी झाला." त्याच्या पुढच्या वर्षी तेवढेच. मग तेवढेच. मग तेवढेच.

चौदा वर्षांचा कफ! आणि आईने एकदाही विचारलं नाही, हा कसला कफ, खोकला तर येत नाही.

७ फेब्रुवारी

करायला नको होतं ते केलं. जमिनीवरच्या फायली उघडून बघितल्या. सगळ्या नाही — साठेक.

प्रत्येकीत तेच पत्र. तीच पाच वाक्यं, फक्त वार वेगळा.

त्यांच्या घरी कुणीतरी नीट वाचून दाखवलं असणार. एकही ओळ न गाळता. आणि ते गेले. कुणी सात आठवड्यांत, कुणी पाच महिन्यांत. एक बाई तर पत्रात बोलावलेल्या दिवशीच.

मला कळतं की असं नसतं. पण मुलाखतीच्या फॉर्ममध्ये रकाना चौदा आहे — आजार पसरल्याची रुग्णाला कल्पना होती का? सिस्टर तो विचारतील. आईला कळेल. आणि इतकी वर्षं तिच्या छातीत जे गप्प बसलंय, तेही ऐकेल.

९ फेब्रुवारी

मॅडमना सगळं सांगितलं. लपवून ठेवून टाइप करणं बरोबर नव्हतं.

त्या बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिल्या. म्हणाल्या, "औषध लागू पडलं असेल. गाठीची जात वेगळी असेल. मला माहीत नाही, म्हणून तर यादी केली. पण तू गाळलेल्या तीन ओळींमुळे ती जगली असं नाही, एवढं मी सांगते."

"यादीतून नाव काढता येईल?"

"नऊच आहेत गं. एक काढलं तर काय उरतं?" मग हळूच, "बारा तारखेला मुलाखत आहे. त्याच्या आत तूच सांग. परक्याकडून कळू देऊ नकोस."

१० फेब्रुवारी

नाही सांगितलं.

११ फेब्रुवारी

आज सांगणारच होते. मशीनजवळ जाऊन बसले. आई गणवेशांना काजं करत होती, आखडलेला पाय बाजूला.

"आई, उद्या ते पुष्कळ प्रश्न विचारतील."

"विचारू देत. मी काय शाळा बुडवलीय? मी शाळेत गेलेच नाही!"

"तसं नाही. आजाराबद्दल. आधीचं."

"बरं."

"तुला काही… तुला एक सांगायचंय."

तिने सुई माझ्यापुढे धरली. "आधी दोरा ओव. मला दिसत नाही." मी ओवला. तीनदा चुकला. तिने दोऱ्याला गाठ मारली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "जेवून घे. तोंड बघ कसं झालंय, जसं काही तुलाच आजार आहे."

बाबा हसले. मी जेवले.

सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी

चाळीस मिनिटं. मी बाहेर बाकावर. दाराच्या काचेतून आईची पाठ तेवढी दिसत होती. एकदा तिने हात हलवला, माशी वारावी तसा. सिस्टर लिहीत होत्या, थांबल्या, पुन्हा लिहू लागल्या. मला वाटलं, झालं. आता झालं.

आई बाहेर आली. "बाई गं! माझं लग्न ठरवतानासुद्धा एवढी चौकशी केली नव्हती कुणी."

मी तिचा चेहरा बघत राहिले. तसाच होता.

जाताना रेकॉर्डच्या खोलीचं दार उघडं होतं. ती थांबली. जमिनीवरच्या फायलींकडे बघत म्हणाली, "ते सगळे?"

"हो."

काठी टेकून तशीच उभी राहिली. पुष्कळ वेळ. मग म्हणाली, "भिंतीला ओल आहे. वर उचलून ठेव त्यांना."

१३ फेब्रुवारी

फॉर्म आले. सहावा मी शेवटी ठेवला. एकही ओळ न गाळता वाचला.

रकाना १४. आजार पसरल्याची कल्पना होती का? — होती. पहिल्यापासून.

रकाना १५. कोणी सांगितले? — मुलीने.

खाली सिस्टरनी आईचं बोलणं जसंच्या तसं उतरवलंय: "पोरगी वाचताना कधी थांबायची नाही. त्या दिवशी थांबली. घाबरली होती बिचारी. मग मीच म्हटलं — हं, पुढे वाच."